आडवाटेचा धबधबा आणि तेथील रानवनस्पती : पाहाव्या कशा, जपाव्या कशा

धबधबा पाहावयाचा तो आषाढात, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे, आणि नुसते कोसळणारे पाणी पाहून ज्यांचे समाधान होते त्यांच्यापुरती ती खोटीही नाही; परंतु त्या पाण्याच्या तुषारांवर, त्याच्या आडोशाला आणि प्रत्यक्ष त्याच्या प्रवाहातही जी वनस्पतिसृष्टी दर वर्षी उभी राहते व चार-सहा महिन्यांत आपला संसार आटोपून दिसेनाशी होते, ती पाहण्याची ज्यांना ओढ आहे, त्यांनी आपली वेळ, आपली वाट आणि आपली वागणूक या तिन्ही गोष्टी निराळ्या धोरणाने ठरविल्या पाहिजेत. ते धोरण कोणते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. तो लिहिताना सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील आंबोली व चौकुळ या घाटमाथ्यावरील गावांचा मुलूख मुख्यत्वे नजरेसमोर ठेवला आहे. तेथील रस्त्यालगतचा मोठा धबधबा, नांगरतास आणि कावळेसाद ही स्थळे सर्वश्रुत आहेत. पण त्यांच्या मधल्या घळींतून वाहणारे आणि गुराख्यांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नसलेले जे लहान धबधबे आहेत, त्यांच्याच काठी वनस्पतींचे वैभव अद्याप पुष्कळ अंशी शाबूत आहे. पुढील सूचना थोड्या फरकाने सह्याद्रीतील अशा कोणत्याही स्थळास लागू पडाव्यात.

कडा, पाणी आणि सावली

या वनस्पती येथेच का, हे समजून घेतल्यावाचून त्या नीट दिसत नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचा कातळ बनला. हे थर सारख्या कठीणपणाचे नाहीत. घट्ट काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कोठे सच्छिद्र, ठिसूळ खडक असतो, तर कोठे तांबड्या भाजक्या मातीचा पातळ पट्टा असतो. पाणी हा मऊ भाग आधी खाते व कठीण थर पुढे आलेला राहतो. म्हणूनच आपले बहुतेक धबधबे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात आणि त्यांच्या पाठीमागे कपार तयार होते. या कपारीत भर दुपारीही ऊन शिरत नाही, वारा बेताचाच लागतो आणि हवा सदैव ओलसर राहते. उन्हात तासाभरात कोमेजून जातील अशा नाजूक पानांच्या वनस्पतींना या दगडी आडोशामुळे आश्रय मिळतो. आणि कड्यावर माती जवळजवळ नसल्याने मोठ्या झाडांची व दांडग्या गवतांची स्पर्धाही त्यांना सोसावी लागत नाही.

काळ कोणता निवडावा

आंबोलीस वर्षाकाठी सरासरी सातशे सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बराचसा जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत कोसळतो. या काळात घळीत उतरणे धोक्याचे असते. शिवाय धुक्यामुळे व पाण्याच्या माऱ्यामुळे फुले पाहावयासही मिळत नाहीत. ज्येष्ठ-आषाढात जे पाहावयाचे ते वाटेवरच्या रानात पाहावे : जमिनीतून थेट वर येणारे शेवळ्याचे दांडे, सापकांद्याचे वळलेले पुष्पकोश, रानहळदीची रंगीत कणसे. गणेशविसर्जन आटोपल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ मात्र सर्वांत अनुकूल समजावा. पाणी भरपूर असते, पण त्याचा उन्माद ओसरलेला असतो. बेगोनिया, रानतेरडे, सीतेची आसवे, सोनकी ही सारी या सुमारास फुलावर असतात. ज्यांना प्रवाहातल्या वनस्पतींचे नवल पाहावयाचे आहे, त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबरात पुन्हा एकदा त्याच जागी जावे.

दिवस निवडताना आदल्या दोन दिवसांचा पाऊस व हवामानखात्याचा इशारा पाहावा, आणि सकाळी लवकर निघून दुपारी तीनच्या आत परतीची वाट धरता येईल अशा बेताने मुक्काम ठेवावा. घळीत अंधार बाहेरच्यापेक्षा तासभर आधी पडतो.

चौकशी आणि परवानगी

आडवाटेच्या धबधब्यास जाण्यापूर्वी गावात थांबून चौकशी करणे हा शिष्टाचार तर आहेच, पण सुरक्षिततेचा पहिला उपायही तोच आहे. पोलीस पाटील, ग्रामपंचायतीतील मंडळी किंवा वनखात्याचे रखवालदार यांच्याकडून तीन गोष्टींची खातरजमा करून घ्यावी : जागा राखीव वनाच्या हद्दीत आहे की खाजगी मालकीची आहे, जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम जारी आहे किंवा नाही, आणि ओढ्याच्या वरच्या अंगास बंधारा अथवा धरण आहे काय. पावसाळ्यात अनेक ठिकाणी असे हुकूम निघतात व त्यांमागे कटू अनुभव असतो. 2024 च्या जूनअखेर लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील बाजूच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच माणसे वाहून गेली. हुकूम मोडून जाण्यात धाडस कसले नाही. त्यात केवळ शोधपथकाच्या माणसांचे प्राण धोक्यात घालणे आहे.

राखीव वनात विनापरवाना शिरणे हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमान्वये गुन्हा ठरू शकतो, आणि अभयारण्यातून कोणतीही वनस्पती उपटून नेण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मनाई आहे. कायद्याहूनही जुना निर्बंध देवराईचा. पुष्कळ धबधब्यांच्या माथ्यावर अथवा पायथ्याशी ग्रामदैवताची राई असते; तेथील वाळकी काटकीदेखील न उचलण्याचा गावाचा दस्तूर असतो, आणि वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिल्याप्रमाणे, आसपासचे रान तुटून गेले तरी दुर्मिळ वृक्षवेली अशा रायांतच टिकून राहिल्या आहेत. तेव्हा पादत्राणे काढावयास सांगितली तर काढावीत आणि आत जाऊ नका म्हटले तर जाऊ नये.

वाट दाखविण्यास गावातलाच जाणता माणूस सोबत घ्यावा व त्याचा मोबदला आधी ठरवून रोख द्यावा. कोणता दगड हलतो, कोणते कुंड खोल आहे, पाणी कोणत्या बाजूने चढते, हे त्याला जन्मापासून ठाऊक असते. आणि वनस्पतींची जी नावे व जे उपयोग त्याच्या घरातील वृद्धांना माहीत असतात, त्यांतील कितीतरी अजून कोणत्याही ग्रंथात शिरलेले नाहीत.

सरंजाम

सोबत न्यावयाचा सरंजाम थोडका असावा. खोल खाचांच्या रबरी तळव्याचे बूट, अंगाबरोबर बसणारे व लवकर वाळणारे कपडे, खांद्याइतक्या उंचीची काठी, पाण्यापासून जपलेली औषधाची पेटी, शिटी, विजेरी, दोन वेळचे खाणे आणि रिकामी पिशवी इतके पुरे. कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावेत. वनस्पती पाहावयाच्या म्हणून दहापटीचे एक लहान भिंग, पेन्सिल व वही एवढी अधिक असावीत. ओल्या हवेत शाईचे लेखन टिकत नाही, पेन्सिलीचे टिकते. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी बाळगण्याची जुनी रीत आहे. परंतु मीठ ओढ्याकाठी पसरू नये, कारण बेडकांच्या व त्यांच्या पिलांच्या कातडीस ते घातक ठरते. चिकटलेली जळू नखाने बाजूला सारल्यास सुटते व जखम स्वच्छ धुऊन दाबून धरली की रक्त थांबते.

पाण्याचा स्वभाव

घळीत पोहोचल्यावर प्रथम वर पाहावे, मग खाली. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी घाटमाथ्यावर काळे ढग जमले असतील, तर तेथे पडणारा पाऊस काही मिनिटांत आपल्यापर्यंत येऊन पोहोचतो. नितळ पाणी एकाएकी गढूळ होणे, प्रवाहातून पाने-काटक्या वाहून येऊ लागणे, आवाजात जडपणा येणे आणि खुणेचा दगड बुडू लागणे, ही लोंढ्याची पूर्वचिन्हे होत. यांतील एकही दिसले तर सामानसुमान गोळा करण्यात दिरंगाई न करता ज्या काठावरून परत जावयाचे त्याच काठावर उंच जागी चढावे. मधल्या खडकावर अडकून पडलेली माणसे बहुधा सामानासाठी थांबलेली असतात. ओढा ओलांडावाच लागला तर गुडघ्याखालच्या पाण्यातूनच, काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूस टेकून ओलांडावा.

कुंडात उडी मारू नये. कोसळत्या पाण्याखाली हवेचे बुडबुडे मिसळलेले असल्याने ते माणसाला नेहमीप्रमाणे तोलून धरीत नाही. तळाशी भोवरा असतो आणि दर पावसाळ्यात नवे धोंडे येऊन पडतात, त्यामुळे मागच्या वर्षी खोल असलेली जागा या वर्षी तशी असेलच असे नाही. धाराच अंगावर घेण्याचा मोहही आवरावा, कारण तिच्याबरोबर वरून दगड येतात. पाय ठेवताना हिरव्या-काळ्या गुळगुळीत कातळास टाळून खडबडीत पृष्ठभाग शोधावा. त्यात आपला पाय तर वाचतोच, शिवाय त्या हिरव्या थरात जे जिवंत आहे तेही वाचते.

चार मजल्यांची वनस्पतिसृष्टी

पाण्याशी असलेल्या अंतरानुसार येथील वनस्पतींचे चार मजले पाडले असता निरीक्षण सुलभ होते.

पहिला मजला खुद्द प्रवाहातला. वेगाने वाहणाऱ्या पाण्याखालच्या कातळास घट्ट चिकटलेला जो हिरवट-तपकिरी पापुद्रा पुष्कळांना शेवाळ वाटतो, तो अनेकदा शेवाळ नसून पोडोस्टेमेसी कुळातील सपुष्प वनस्पती असते. तिच्या देहात मूळ, खोड, पान असा सरळ भेद करता येत नाही. पावसाळाभर ती पाण्याखाली वाढते, आणि हिवाळ्याच्या आरंभी पाणी ओसरून खडक उघडा पडू लागला म्हणजे थोड्याच अवधीत फुलून, बी धरून वाळून जाते. तिचे सूक्ष्म बी ओले होताच चिकट बनून खडकास डकते आणि पुढील पावसाची वाट पाहते. ग्रिफिथेला हूकेरियाना ही या कुळातील जाती पश्चिम घाटाखेरीज जगात अन्यत्र नाही. साबण, कपड्यांचा मळ वा डिझेल यांचा एक ओघळ अशा सबंध वसाहतीस बाधतो, म्हणून ओढ्यात साबण लावून स्नान करणे वा भांडी घासणे सर्वथा वर्ज्य समजावे.

दुसरा मजला तुषारांच्या टप्प्यातील कातळाचा, आणि निरीक्षकाने आपला बहुतेक वेळ येथेच खर्चावा. शेवाळाची गादी, हंसराजासारखे नेचे आणि त्यांच्या मधून डोकावणारी बेगोनियाची फिकट गुलाबी फुले असा येथील थाट असतो. बेगोनियाचे पान देठाच्या दोन्ही बाजूंस सारखे नसते. एक अंग रुंद तर दुसरे अरुंद असते. तिची नरफुले व मादीफुले वेगळी, पण एकाच रोपावर असतात. फुलाच्या पाठीमागे तीन पंखांचा हिरवट-गुलाबी किंजपुट दिसला की ते मादीफूल, व तो नसून मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका असला की नरफूल. शेजारीच इम्पेशन्स अकॉलिस नावाचा तेरडा भेटतो. आपल्या परसातील तेरड्याप्रमाणे त्याला खोड नसते; कातळाच्या चिरेत रुतलेल्या लहानशा कंदातून पाने व गुलाबी फुलांचे दांडे थेट वर येतात. फूल बाजूने पाहावे, म्हणजे त्याची मागे वळलेली लांबलचक, पोकळ शुंडिका दिसते. मध तिच्या अगदी टोकाशी असतो. ज्याची सोंड तितकी लांब त्यालाच तो लाभतो, आणि तो घेताना परागांची वाहतूक आपोआप घडते. याच ओल्या शेवाळात सीतेच्या आसवांच्या प्रजातीतील एक अतिशय लहान जात, यूट्रिक्युलेरिया स्ट्रायाटुला, वाढते; तिची फिकट फुले भिंगावाचून नीट दिसत नाहीत.

तिसरा मजला कुंडाच्या व ओढ्याच्या काठचा. येथे लोंढा येतो आणि जातो, म्हणून टिकते तेच जे लवते. शेरणीचे झुडूप हा याचा उत्तम नमुना होय : चिवट फांद्या, अरुंद पाने आणि दगडांत खोल गेलेली मुळे यांच्या बळावर ते पुराखाली आडवे होऊन पुन्हा उभे राहते. काठ धरून ठेवण्याचे काम हीच झुडपे करतात. तंबूच्या खुंट्यांसाठी वा शेकोटीसाठी ती तोडणे म्हणजे पुढच्या पावसात काठच ढासळू देणे होय.

चौथा मजला धबधब्याच्या माथ्यावरील सड्याचा. जांभ्याच्या वा कातळाच्या उघड्या पाठीवर माती बोटभर जाडीची, आणि तिच्यातील पोषकद्रव्ये पावसाने धुऊन नेलेली. नायट्रोजनाची ही उणीव काही वनस्पतींनी कीटकांवर भागविली आहे. सीतेच्या आसवांची निळसर-जांभळी फुले सर्वांच्या डोळ्यांत भरतात, पण तिचे शिकारीचे साधन जमिनीखाली असते : ओल्या मातीतील बारीक फुग्यांची झडप सूक्ष्म जीवाचा स्पर्श होताच उघडून पाण्यासह त्याला आत ओढते. जवळच दवबिंदू या वनस्पतीच्या पानांवरील केसांच्या टोकांशी चिकट द्रवाचे थेंब चकाकतात व त्यांवर बसलेला किडा सुटत नाही. गेंदाची पांढरी गोंडेदार फुले, कवल्याची पिवळी फुले हीही येथलीच. उभ्या गवताळ उतारांवर नशीब असेल तर कंदीलपुष्प भेटते. त्याच्या नळीतील खाली वळलेल्या केसांमुळे आत शिरलेली माशी काही काळ अडकून पडते, आणि केस मलूल झाले की पराग घेऊन बाहेर निघते. सड्यावर ज्या वाटेने इतर चालले त्याच वाटेने एका रांगेत चालावे. येथील बहुतेक रोपे बोटाच्या पेराहून उंच नाहीत, आणि पसरून चालणाऱ्या दहा जणांचा घोळका एका दुपारी किती फुले तुडवितो याची त्यांना कल्पनाही येत नाही.

काय हाताळू नये

खाजकुयलीच्या शेंगांवरील लव वाऱ्यानेही अंगावर येते, तेव्हा तिच्या वेलाखालून जाऊ नये. आग्याच्या पानांचा दाह तास-दोन तास पुरतो. कळलावीचे लाल-पिवळे फूल मनोहर, पण तिचा कंद कोल्चिसीन या विषाने भरलेला असतो व तो खाल्ल्याने मृत्यू ओढवू शकतो. शेवळे, अळू यांसारख्या सुरणवर्गीय वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटाचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून घसा खाजतो. गावच्या बाया शेवळ्याच्या भाजीत काकडाची आंबट फळे घालतात ती याच कारणाने. रानभाजीची चव घ्यावयाची असेल तर ती गावातील घरी, त्यांच्या हातची घ्यावी आणि तिचे पैसे द्यावेत. स्वतः ओळखून, उपटून, शिजवून पाहण्याचा प्रयोग करू नये.

झुडपात हात घालण्यापूर्वी ते काठीने हलवावे. चापडा हा विषारी सर्प फांदीवर निश्चल बसून असतो व हिरव्या-तपकिरी रंगामुळे दिसत नाही. आपल्याकडील नेहमीचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर बनविलेले असते, चापड्याच्या नव्हे; पण दंश कोणाचा हे ठरविण्याचे काम वैद्याचे. दंश झालेला अवयव हलू न देता, जखम न कापता व न आवळता, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णास सरकारी रुग्णालयात न्यावे.

नोंद ठेवावी, रोप ठेवून यावे

आमरीचा, म्हणजे ऑर्किडचा, एखादा तुरा फांदीसह तोडून घरच्या कुंडीत लावावा, असा मोह अनेकांना होतो. तो पुरविल्याने काहीच साधत नाही. आमरीचे जीवन विशिष्ट बुरशीच्या सहवासावर अवलंबून असते व शहरातील हवेत ती बहुधा वर्षभरही तग धरीत नाही. त्याऐवजी पूर्ण रोपाचे, पानाच्या पाठीचे व फुलाच्या बाजूचे अशी तीन छायाचित्रे घ्यावीत; तारीख, गाव, खडक ओला की कोरडा, ऊन की सावली, एवढा तपशील वहीत लिहावा. घरी आल्यावर श्रीकांत इंगळहळीकरांच्या सह्याद्रीतील फुलांवरील पुस्तकाशी तो ताडून पाहता येईल; अधिक खोलात जाणाऱ्यांस थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध केलेला मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश आजही मार्गदर्शक आहे, आणि ओळख न पटलेल्या वनस्पतीविषयी पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडे विचारणा करता येते.

परतताना बूट व कपडे झाडावेत. रानमोडीसारख्या परक्या, दांडग्या तणांचे बी आपल्याच बुटांबरोबर नव्या घळीत पोहोचते, आणि एकदा ते रुजले की मूळच्या वनस्पतींना जागा उरत नाही. आपला कचरा तर परत आणावाच. वाटेत दुसऱ्याचा दिसला तर तोही रिकाम्या पिशवीत भरावा.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. धबधब्याचे छायाचित्र जरूर दाखवावे, तेथील वनस्पतींविषयी सांगावे, लिहावे. पण त्याचा नेमका पत्ता व वाटेचा नकाशा सार्वजनिक करू नये. कासचे पठार प्रसिद्धीस आल्यावर तेथे रोजच्या प्रवेशावर संख्येची मर्यादा घालावी लागली. ज्या लहान घळीला ना तारेचे कुंपण आहे ना रखवालदार, तिचा बंदोबस्त कोण करणार? आणि ती लहान आहे म्हणून तिच्यात जपण्याजोगे काही नाही, असे समजणेही चूक ठरेल. आंबोलीच्याच हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात विज्ञानास अज्ञात असलेली एक माशाची जात 2020 साली नोंदली गेली आणि पुढच्याच वर्षी शासनाने त्या जागेस जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला. मंदिरात वर्षानुवर्षे येणाऱ्यांच्या पायांशी तो मासा होताच. तेव्हा जेथे फारसे कोणी गेलेले नाही तेथे काय असेल, याचा अंदाज आज कोणालाच बांधता येणार नाही. म्हणून वाचकांना विनंती इतकीच की, जो धबधबा तुम्हांला गावकऱ्याने विश्वासाने दाखविला, तो दुसऱ्याला दाखविण्यापूर्वी त्या माणसाची पारख तुम्हीही तितक्याच काळजीने करा.